छप्पर मालकाचे, संसार भाडेकरूचा

घर स्वतःचे नसताना विमा उतरवायचा तरी कशाचा, हा प्रश्न भाड्याने राहणाऱ्या अनेकांच्या मनात येतो आणि उत्तराविनाच मागे पडतो, कारण घराचा विमा म्हणजे भिंतींचा आणि छपराचा विमा अशी सर्वसाधारण समजूत आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आलेली कुटुंबे वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात काढतात, हप्त्याहप्त्याने फ्रिज, कपाट, पलंग, लॅपटॉप घेत संसार उभा करतात, आणि त्यातील एकाही वस्तूला कोणत्याच विमापत्राचे, म्हणजे पॉलिसीचे, संरक्षण नसते. वास्तविक अशा सामानाचा विमा आपल्या देशात सहज मिळतो, तुलनेने स्वस्तही असतो. मात्र तो घेताना नेमके काय विकत घेतले जात आहे, हे समजून घ्यावे लागते.

१. विमा कशाचा उतरवता येतो?

ज्या वस्तूच्या नाशामुळे माणसाचे स्वतःचे आर्थिक नुकसान होते, त्याच वस्तूचा विमा त्याला उतरवता येतो, हा विमाव्यवहाराचा पायाभूत नियम असून या संबंधाला ‘विमायोग्य हितसंबंध’ असे म्हणतात. शेजाऱ्याची मोटार जळाली तर हळहळ वाटेल, पण खिशाला झळ बसत नाही; म्हणून शेजाऱ्याच्या मोटारीचा विमा आपल्याला घेता येत नाही. हाच नियम भाड्याच्या घराला लावला की चित्र स्पष्ट होते. भिंती, फरशी, छप्पर आणि मालकाने बसवून दिलेले ओट्याखालचे कप्पे यांत हितसंबंध मालकाचा, तर भाडेकरूने आणलेल्या सामानात तो भाडेकरूचा.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्ध विमा उतरवण्याची तरतूद आहे, आणि ‘सोसायटीचा विमा आहे’ एवढे ऐकून भाडेकरू निश्चिंत होतात. तो विमा इमारतीचा असतो. आगीत तिसऱ्या मजल्यावरची सदनिका जळाली, तर त्या विम्यातून भिंतींची डागडुजी होईल; भाडेकरूच्या कपाटातील कपड्यांचा एक धागाही त्यातून भरून मिळणार नाही. घरमालकाने स्वतः विमा घेतला असेल, तरी त्यात सामान आले तर मालकाचेच येते. म्हणूनच सुसज्ज घर भाड्याने घेताना मालकाच्या वस्तूंची यादी करारनाम्याला जोडून घेणे महत्त्वाचे असते, कारण कोणती वस्तू कोणाची, हा वाद नुकसान झाल्यानंतर सोडवणे फार अवघड जाते.

२. कोणत्या संकटांपासून संरक्षण मिळते?

विमापत्रात ज्या संकटांची नावे लिहिलेली असतात, त्यांच्यापासूनच संरक्षण मिळते. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या विमापत्राची भाषा आणि अटी वेगवेगळ्या असत, त्यामुळे सामान्य ग्राहकाला तुलना करणे जवळपास अशक्य होते. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डा’ने, हा गोंधळ कमी करण्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे प्रमाणित विमापत्र तयार केले आणि १ एप्रिल २०२१ पासून आगविम्याचा व्यवसाय करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ते विकणे बंधनकारक केले. या विमापत्रात फक्त इमारतीचा, फक्त घरसामानाचा किंवा दोहोंचा एकत्र विमा घेता येतो. भाडेकरूला लागणारा पर्याय दुसरा, आणि तो मागितल्याशिवाय विक्रेत्याकडून बहुधा सुचवला जात नाही.

या विमापत्रात आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणे, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, संप, हेतुपुरस्सर केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, तसेच पाण्याची टाकी किंवा नळ फुटून होणारे नुकसान यांचा समावेश आहे. महाराष्ट्रातील भाडेकरूच्या दृष्टीने या यादीतील सर्वांत मोलाचा शब्द ‘पूर’ हा होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. अशा पुरात काय घडते, हे जवळून पाहिले तर भाडेकरूची बाजू किती उघडी आहे हे कळते. पाणी ओसरते, भिंतींवर चिखलाची रेघ उरते, आणि धुऊन, वाळवून, रंग देऊन ते घर पुन्हा राहण्याजोगे होते. पण ज्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये गाळ गेला, ज्या गाद्यांनी सांडपाणी शोषले आणि ज्या प्लायवूडच्या कपाटाचे थर फुगून सुटले, त्यांचे काही होत नाही. म्हणजे पुरात मालकाची मालमत्ता बहुतांशी टिकते आणि भाडेकरूची जवळजवळ संपूर्ण जाते. विम्याची गरज मालकापेक्षा भाडेकरूला कमी असते, ही समजूत अशा वेळी उलटी ठरते.

काय मिळत नाही, हेही तितक्याच बारकाईने पाहावे लागते. वरच्या मजल्यावरून महिनोन्महिने ओल झिरपून कपाट कुजले, तर ती अचानक घडलेली घटना नसल्याने भरपाई मिळत नाही. विजेचा दाब वाढून किंवा शॉर्टसर्किट होऊन एखादे उपकरण जळाले, तर त्या उपकरणाची हानी वगळलेली असते. मात्र त्यातून आग लागून शेजारचे पडदे, सोफा आणि कपाट जळाले, तर त्या वस्तूंचे नुकसान विम्यात येते. रोख रक्कम, रोखे आणि हस्तलिखिते सामानात धरली जात नाहीत. घरी शिवणकाम किंवा खाद्यपदार्थांचा व्यवसाय चालत असेल, तर त्या व्यवसायाचा माल आणि यंत्रे घरसामानात मोडत नाहीत. त्यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे वेगळे विमापत्र आहे.

३. चोरी

पहिल्या मजल्यावर किंवा बैठ्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला आगीपेक्षा चोरीची धास्ती अधिक असते, आणि नेमक्या याच बाबतीत वरील प्रमाणित विमापत्र तोकडे पडते. विम्यात समाविष्ट असलेले एखादे संकट कोसळले आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत त्या घरातून चोरी झाली, तरच ती चोरी त्यात धरली जाते. उदाहरणार्थ, पुरामुळे घर सोडून जावे लागले आणि मागे कोणी सामान उचलून नेले. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो किंवा अनेक विभाग एकत्र असलेले ‘हाउसहोल्डर’ विमापत्र निवडावे लागते.

घरफोडी या शब्दालाही विमापत्रात मर्यादित अर्थ असतो. कुलूप तोडणे, कडी उचकटणे, गज वाकवणे अशा बळाच्या वापराची खूण असावी लागते. दार उघडे राहिले आणि कोणी आत येऊन मोबाइल उचलला, किंवा घरकामाला येणाऱ्या व्यक्तीने वस्तू नेली, तर पुष्कळ विमापत्रांत तो दावा नाकारला जातो. काहींत जादा हप्ता भरून साध्या चोरीचेही संरक्षण घेता येते. एकाच सदनिकेत चार-पाच जण मिळून राहत असतील, तर हा मुद्दा विशेष गंभीर होतो, कारण तेथे आतल्याच माणसाचा हात लागण्याची शक्यता असते आणि तोडफोडीची खूण कोठेच सापडत नाही. शिवाय प्रत्येकाचे सामान प्रत्येकाचे असल्यामुळे एकाच्या नावाच्या विम्यात इतरांच्या वस्तू आपोआप येत नाहीत. घराबाहेर नेला जाणारा लॅपटॉप किंवा कॅमेरा हाही घरसामानाच्या विम्यातून बाहेर पडताच असुरक्षित होतो. त्यासाठी नेण्याजोग्या वस्तूंचा ‘सर्व जोखीम’ विभाग जोडावा लागतो.

४. विमा किती रकमेचा?

बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे सावकाश जाणे इष्ट ठरेल. भाडेकरूला सामानाची रक्कम स्वतः ठरवून जाहीर करावी लागते. इमारतीसह विमा घेणाऱ्या मालकाला प्रमाणित विमापत्रात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत सामानाचे संरक्षण तपशील न देताही मिळते. इमारतच नसलेल्या भाडेकरूला ती सोय नाही.

दोन खोल्यांत राहणाऱ्या एका काल्पनिक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. फ्रिज ३०,००० रुपये, कपडे धुण्याचे यंत्र २५,०००, टीव्ही ३०,०००, दोन लॅपटॉप १,००,०००, पंखे, कूलर आणि इन्व्हर्टर मिळून ३५,००० ही विजेवर चालणारी सारी उपकरणे २,२०,००० रुपयांची होतात, आणि सामानाची किंमत विचारली की माणसे नेमकी एवढीच बेरीज करून थांबतात. परंतु पलंग, गाद्या आणि कपाट यांचे ७०,०००, स्वयंपाकघरातील शेगडी, कुकर, डबे व भांडी यांचे ४५,०००, सगळ्यांच्या कपड्यांचे ८०,००० आणि पुस्तके, सायकल यांसारख्या किरकोळ वस्तूंचे २५,००० धरले, तर आणखी २,२०,००० रुपये निघतात. एकूण सामान ४,४०,००० रुपयांचे, आणि अंदाज त्याच्या बरोबर निम्मा. कपडे आणि भांडी एकेक करून येत असल्यामुळे त्यांची एकत्रित किंमत कोणाच्या डोळ्यांपुढे नसते.

या कुटुंबाने २,२०,००० रुपयांचाच विमा घेतला आणि १,००,००० रुपयांचे नुकसान झाले, तर पूर्ण लाख रुपये मिळतील असे वाटते, पण पारंपरिक विमापत्रांत तसे होत नाही. ट्रकवाल्याला दोन पेट्यांऐवजी एकाच पेटीचे भाडे दिले असेल, तर वाटेत काही फुटल्यावर तो निम्म्याच जबाबदारीची भाषा करील; विमा कंपनीही तसेच म्हणते की, निम्म्या सामानाचाच हप्ता मिळाला असल्याने नुकसानही निम्मेच भरून देता येईल. सामानाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा असणे यालाच ‘अल्पविमा’ म्हणतात, आणि त्यामुळे या कुटुंबाच्या हाती ५०,००० रुपये येतील. भारत गृह रक्षेत अल्पविम्याची ही कपात पूर्णपणे काढून टाकलेली असून ग्राहकाच्या दृष्टीने हा त्या विमापत्राचा सर्वांत मोठा गुण मानावा लागतो. तेथे विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण भरून मिळते, मात्र सगळेच सामान गेले तर २,२०,००० रुपयांच्या वर काही मिळणार नाही. घरफोडीच्या स्वतंत्र विम्यात अल्पविम्याची अट असू शकते. तेव्हा ती विचारून घ्यावी.

रकमेचा दुसरा पैलू मूल्यमापनाचा आहे. पाच वर्षांपूर्वी ३०,००० रुपयांना घेतलेला फ्रिज आज तसाच नवा घ्यायला ३६,००० रुपये लागतात असे धरू. वस्तू जुनी झाल्यामुळे तिच्या किमतीत होणारी घट म्हणजे ‘घसारा’, आणि तो वर्षाला १० टक्के धरून भरपाई देणारे विमापत्र १८,००० रुपये देईल, तर पुनःस्थापना मूल्यावर, म्हणजे तशीच नवी वस्तू घेण्याच्या खर्चावर आधारलेले विमापत्र ३६,००० रुपये देईल. जुन्या सामानावर संसार चालवणाऱ्या कुटुंबाला पहिल्या पद्धतीत मिळणारी रक्कम नव्या वस्तूच्या जेमतेम निम्म्या किमतीएवढीच भरते, म्हणून शक्य तेथे दुसरी पद्धतच निवडावी. भारत गृह रक्षेत सर्वसाधारण सामानासाठी पुनःस्थापनेचा खर्च धरला जातो.

दागिने आणि कलावस्तू या मौल्यवान सामानात मोडतात आणि त्यांचे संरक्षण ऐच्छिक असते. त्यांची किंमत आधीच ठरवून घेतली जाते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि प्रत्येक वस्तू १ लाखापर्यंत असेल, तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्र मागितले जात नाही.

५. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर?

स्वतःचे सामान गमावण्यापेक्षाही भाडेकरूला बुडवू शकणारे संकट वेगळेच आहे. गिझर चालू राहून आग लागली आणि मालकाचे घर जळाले, किंवा नळ उघडा राहून खालच्या घराचे छत आणि फर्निचर खराब झाले, तर त्याची भरपाई भाडेकरूकडून मागितली जाऊ शकते. आपल्याकडील लिव्ह अँड लायसन्स करारांत अशा नुकसानीची जबाबदारी भाडेकरूवर टाकणारे कलम बहुधा असतेच, आणि अनामत रकमेतून वजावट ही त्याची सौम्य आवृत्ती होय. मालकाने विमा घेतलेला असला, तरी भाडेकरू सुटतोच असे नाही, कारण मालकाला भरपाई दिल्यानंतर ज्याच्या चुकीमुळे नुकसान झाले, त्याच्याकडून वसुली करण्याचा मालकाचा हक्क विमा कंपनीकडे जातो. यासाठी ‘तृतीय पक्षाप्रती उत्तरदायित्व’ हा विभाग असलेले विमापत्र घ्यावे लागते. तो विभाग घरसामानाच्या विम्यात आपोआप नसतो, हप्ता वाचवण्यासाठी सर्वांत आधी तोच गाळला जातो, आणि ही काटकसर चुकीच्या जागी केलेली असते.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत मात्र एक संरक्षण बहुतेकांकडे नकळत असते. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी आपल्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी घेतलेल्या विम्यात गॅस अपघातातील मृत्यूसाठी प्रतिव्यक्ती ६ लाख रुपये आणि मालमत्तेच्या हानीसाठी प्रत्येक घटनेमागे कमाल २ लाख रुपये अशी तरतूद आहे. मालमत्तेची भरपाई ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरील नुकसानीलाच मिळते, आणि भाडेकरूची अडचण येथेच असते. गावाकडच्या पत्त्यावरचे सिलिंडर शहरात आणून वापरणारे किंवा नातेवाइकाच्या नावावरच्या जोडणीवर स्वयंपाक करणारे कुटुंब या लाभातून बाहेर पडते. पत्ता बदलून घेण्याचे काम किरकोळ आहे, पण ते टाळण्याची किंमत मोठी आहे.

६. अमेरिकेतील मराठी भाडेकरू

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी तरुणांना हा विषय पहिल्याच आठवड्यात भेटतो, कारण तेथील अनेक गृहसंकुले भाडेकरूचा विमा असल्याशिवाय किल्ली देत नाहीत. ‘एचओ-४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या विमापत्रात सामानाची भरपाई, इतरांप्रती उत्तरदायित्व आणि घर राहण्याजोगे नसताना दुसरीकडे राहण्याचा जादा खर्च असे तीन भाग एकत्र असतात, म्हणजे आपल्याकडे वेगळा मागावा लागणारा उत्तरदायित्वाचा भाग तेथे मुळातच असतो. उलट आपल्याकडे समाविष्ट असलेले पूर आणि भूकंप तेथे वगळलेले असतात. पुरासाठी तेथील राष्ट्रीय पूरविमा योजनेतून भाडेकरूला सामानाचा १ लाख डॉलरपर्यंतचा वेगळा विमा घेता येतो, पण तो साधारणतः तीस दिवसांनंतर लागू होत असल्याने वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. खोलीत राहणारा सोबती आपल्या विम्यात नाव घातल्याशिवाय येत नाही, ही बाबही तेथे अनेकांच्या लक्षात उशिरा येते.

७. निवड

निवड करताना हप्त्यापासून सुरुवात करण्याची सवय सोडून, कोणते नुकसान स्वतःच्या बचतीतून सोसता येणार नाही, या प्रश्नापासून सुरुवात करावी. नदीकाठच्या किंवा सखल भागातील तळमजल्यावर राहणाऱ्याने पूर आणि पुनःस्थापना मूल्य यांना प्राधान्य द्यावे. दिवसभर बंद राहणाऱ्या घरात घरफोडीचा विभाग घ्यावा. सातव्या मजल्यावर मोजकेच सामान घेऊन राहणाऱ्या तरुणाला कदाचित सामानापेक्षा उत्तरदायित्वाचे संरक्षण अधिक उपयोगी पडेल. आगविम्याचा हप्ता विमा रकमेवर दर हजारी आकारला जातो. समजा दर हजारी १ रुपया असेल, तर वरील कुटुंबाला ४,४०,००० रुपयांच्या सामानासाठी करांव्यतिरिक्त वर्षाला ४४० रुपये पडतील, आणि रक्कम निम्मी दाखवून केलेली बचत केवळ २२० रुपयांची असेल.

प्रत्येक दाव्यात काही रक्कम विमेदाराने स्वतः सोसायची असते का, घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते आणि भिंतीवर बसवलेला स्वतःचा एसी सामानात धरला जातो का, हे तीन प्रश्न लेखी विचारून उत्तरे जपून ठेवावीत. विमापत्र विशिष्ट पत्त्यावरील सामानाला लागू असते. अकरा महिन्यांचा करार संपून घर बदलले की नवा पत्ता कंपनीला कळवून तशी नोंद करून घेतली पाहिजे, अन्यथा हप्ता भरलेला असूनही नव्या घरातील सामान उघड्यावर राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. विम्याच्या वेळी हाच कागद भाडेकरू त्या पत्त्यावर राहत असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

८. दावा आणि तक्रार

नुकसान झाल्यावर कंपनीला विनाविलंब कळवावे, चोरी असल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी, आणि कंपनीचा सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत खराब झालेले सामान शक्यतो फेकू नये. पुरानंतर चिखल काढण्याची घाई समजण्यासारखी असते. निदान प्रत्येक वस्तूची, तिच्यावरच्या कंपनीच्या पट्टीसह आणि क्रमांकासह, छायाचित्रे काढून मगच ती बाहेर टाकावी. महसूल कर्मचाऱ्यांनी पंचनामा केला असेल, तर त्याची प्रत मागून घ्यावी. कपाटाची दारे उघडून सर्व खोल्यांचे भ्रमणध्वनीवर केलेले चित्रीकरण आणि खरेदीची बिले घराबाहेर, म्हणजे ईमेलमध्ये किंवा नातेवाइकाकडे ठेवलेली असतील, तर सर्वेक्षकाशी होणारे निम्मे वाद उद्‌भवतच नाहीत.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी; नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणे तेथे चालतात, शुल्क पडत नाही आणि वकील लागत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. त्यामुळे निवाडा मान्य नसेल, तर भाडेकरूला ग्राहक आयोगाचा दरवाजा खुला राहतो.